पाणी आहे, तरी शेंडे वाळतात

प्रश्न : बाई, नमस्कार. आमचं कुळागर, म्हणजे पोफळींची बाग, व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठाला आहे. व्हाळावर बंधारा झाल्यापासून उन्हाळ्यातही आमच्या अंगाला पाणी तुंबून असतं, पोफळींना कमी पडत नाही. पण अलीकडे काठावरच्या जुन्या करंजांचे आणि जांभळांचे शेंडे वाळू लागलेत. बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला तर एक मोठं जांभूळ उभ्याउभ्या गेलं. शेजारी म्हणतात रोग आहे, तोडून टाका. पाणी असताना झाड वाळेल कसं?
— एक बागायतदार, सत्तरी, गोवा

उत्तर : कोयती खाली ठेवा. आधी खोड बघा. सालीला भोकं, बुंध्याशी भुसा किंवा चिकट रस दिसला तर कीड असू शकते. खोड धड आहे, साल घट्ट आहे आणि फक्त वरचे शेंडे मागे वाळत येताहेत, तर माझा पहिला संशय पाण्यावरच जाईल. तुम्ही म्हणाल, पाणी तर समोर दिसतंय. पण दिसणारं पाणी आणि झाड पितं ते पाणी एकच असेल असं नाही.

अमेरिकेतल्या युटा राज्यात ओढ्याच्या काठच्या झाडांवर झालेला एक अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. हायड्रोजनच्या जड आणि हलक्या अणूंचं प्रमाण ओढ्यात किती, जमिनीखाली किती आणि झाडाच्या खोडात किती, हे संशोधकांनी ताडून पाहिलं. ओढ्याला खेटून उभी असलेली मोठी झाडं ओढ्याचं पाणी जवळजवळ पीतच नव्हती, ती खोलवरच्या ओलीवर जगत होती. काठावरची लहान झाडं मात्र ओढ्यातलंच पाणी घेत होती. आपली माती, आपला पाऊस वेगळा, म्हणून तो निष्कर्ष जसाच्या तसा सत्तरीत आणू नका. पण व्हाळाकडे बघून झाडाचा हिशेब करायचा नाही, एवढं त्यातून नक्की घ्या.

आता तुमचा बंधारा. वरच्या अंगाला पाणी महिनोन्‌महिने तुंबतं. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते आणि पाण्याने भरलेल्या मातीत ती मिळत नाही. खोल गेलेली मुळं कुजतात आणि नवी मुळं वरच्या थरातच पसरतात. झाड हिरवं दिसतं, पण त्याचा पाया उथळ होतो. मग पावसाच्या तोंडावर बंधाऱ्याच्या पाणी अडवणाऱ्या फळ्या काढल्या जातात, बहुधा एकाच दिवशी सगळ्या. पाऊस वेळेवर आला तर निभावतं. २०२३ साली मान्सून केरळातच ८ जूनला पोचला, आणि त्या वर्षीचा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. अशा वर्षी फळ्या निघाल्यापासून पहिला जोराचा पाऊस पडेपर्यंत काठाची ओल झरझर खाली जाते, आणि वर आलेली मुळं तिच्यामागे धावू शकत नाहीत.

खालच्या बाजूचं दुखणं उलटं. तिथे पूर्वी उन्हाळ्यातही बारीक धार वाहत असणार, निदान वाळूखाली. ती अडली. जांभळाने आपला पसारा जुन्या ओलीच्या भरवशावर वाढवलेला. पानं पाणी ओढत राहतात, खालून पुरवठा होत नाही, आणि खोडातल्या बारीक नळ्यांमधली पाण्याची धार तुटून तिथे हवेचे बुडबुडे शिरतात. अशी नळी बहुधा कायमची निकामी होते. झाड मग सगळ्यांत लांबची फांदी सोडतं, पुढच्या वर्षी आणखी एक. शेंडे वाळणं म्हणजे झाडाने केलेली खर्चकपात. तेवढ्याने भागलं तर ते उरलेल्या पसाऱ्यावर बरीच वर्षं जगतं. म्हणून म्हणते, तोडू नका.

कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा नदीकाठी हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. २०१२ ते २०१९ च्या दुष्काळात तिथलं भूजल खाली गेलं, तसतसे वाळुंजाच्या कुळातल्या झाडांचे पट्टे वाळत गेले. उपग्रहाच्या चित्रांवर ते नदीच्या कडेने सरकणाऱ्या तपकिरी लाटेसारखे दिसले. त्याच राज्यातला दुसरा अभ्यास, २०२१ चा, मला जास्त अस्वस्थ करतो. जिथे धरणं, कालवे आणि शहरांचं सांडपाणी यांमुळे उन्हाळ्यातही नदीत पाणी सोडलं जातं, तिथली झाडं जास्त दिवस हिरवी राहत होती. वरून बघणाऱ्याला वाटावं, छान चाललंय. पण पाण्याची जुनी लय मोडली की जुनी झाडं फोफावतात आणि त्यांच्या जागी नवी उभी राहत नाहीत, अशी संशोधकांची भीती आहे.

तेव्हा हिरवेपणावर जाऊ नका, पोरं शोधा. करंजाखाली, जांभळाखाली बोटाएवढी, मनगटाएवढी रोपं आहेत का? जांभळाच्या बियांना दम नसतो. ज्येष्ठात पडल्या की लगेच ओल मिळाली पाहिजे, नाहीतर मेल्या. गेल्या पाच-सहा वर्षांतलं एकही रोप दिसत नसेल, तर तुमचा काठ म्हातारा होतोय, मग वर पानं कितीही असोत.

करण्यासारखं एवढंच : बंधारा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याशी बोलून फळ्या एकेक करून, दोन-तीन आठवड्यांत काढायला लावा. उन्हाळाभर एखाद्या फटीतून थोडी धार खाली जाऊ द्या. तुमच्या विहिरीतलं पाणी चैत्रापासून दर आठवड्याला दोरीने मोजून भिंतीवर लिहा. बोलताना तो आकडा हाताशी असला की समोरचा ऐकतो. आणि काठ ‘साफ’ करायची हौस आवरा. ती झुडपंच रोपांना सावली देतात.

प्रश्न : मॅडम, नदीकाठच्या झाडांना पूर नको असतो ना? मग बंधाऱ्यांनी पूर अडला तर चांगलंच की!
— बारावीची विद्यार्थिनी, साखळी

उत्तर : आधी एक गोष्ट : फळ्यांचे बंधारे पावसाळ्यात उघडेच असतात, ते पूर अडवत नाहीत. पूर अडवतात ती मोठी धरणं. आणि पूर झाडांना हवा असतो, वर्षभर नाही, पण त्याच्या वेळेला हवा. गढूळ पाणी गाळ आणतं, जुनी गर्दी उखडून जागा मोकळी करतं, करंजाच्या शेंगा वाहत नेऊन दुसरीकडे टाकतं. वाळुंजाचं कापसासारखं बी मोकळ्या ओल्या वाळूवर पडलं तरच रुजतं. त्याच्या अमेरिकेतल्या भाऊबंदांसाठी, कॉटनवूडसाठी, १९९८ मध्ये एक हिशेब मांडला गेला : पूर ओसरताना ओल दिवसाला सुमारे अडीच सेंटिमीटरपेक्षा वेगाने खाली गेली तर रोपाचं मूळ तिला गाठू शकत नाही. आपल्या झाडांचा आकडा वेगळा असेल, पण शर्यत तीच.

म्हादईच्या पात्रात खडकांच्या फटीत शेरणीची झुडपं बघ. पुरात लवचीक फांद्या आडव्या होतात, पाणी उतरलं की उभ्या. वाहत्या पाण्याची ही झाडं तुंबलेल्या जलाशयाखाली टिकत नाहीत. उलट बांबरच्या निरंकाराच्या राईत रानजायफळाच्या कुळातली झाडं बारमाही चिखलात उभी आहेत, कारण त्यांची मुळं गुडघ्यासारखी वर येऊन हवा घेतात. तिथला झरा आटला तर ती सोय काही कामाची नाही. जमलं तर कॉलेजची सहल तिकडे न्या. देवाची राय आहे, चपला बाहेर काढा.

प्रश्न : कांदळवनं खाऱ्या पाण्यातच वाढतात. मग वर कर्नाटकात म्हादईचं पाणी वळवलं तर आम्हा खालच्यांना काय फरक पडणार?
— एक वाचक, दिवाडी

उत्तर : खारं पाणी एकसारखं खारं नसतं. मांडवीत, म्हणजे खाली आलेल्या म्हादईतच, भरतीचा जोर मुखापासून सुमारे पन्नास किलोमीटर आत जाणवतो, आणि उन्हाळ्यात वरून गोडं पाणी जितकं कमी, तितका खारटपणा आत सरकतो. कांदळांपैकी तिवराला खारं चालतं. चिपी या दुसऱ्या कांदळाची जी जात वरच्या अंगाला सापडते तिला मचूळ, गोडसर पाणी लागतं, ती हटते. खाजनाची, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेताची, मानस (पाण्याचं दार) नीट असेल तरी बाहेरचं पाणी जास्त खारट झालं की बांधाला पाझरणारं पाणीही तसंच.

म्हादईच्या पाणीवाटपाच्या लवादाने १४ ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) पाणी दिलं, त्यातलं ८.०२ वीजनिर्मितीसाठी. वाद सगळा टीएमसीचा होतो. माझ्या मते विचारायला हवं ते हे की वळवलेलं पाणी कोणत्या महिन्यातलं. आषाढातलं एक टीएमसी आणि फाल्गुनातलं एक टीएमसी झाडाच्या लेखी सारखं नाही.

प्रश्न : काठ धुपतोय. लवकर वाढतं म्हणून आकेशिया लावू का?
— डिचोली

उत्तर : नको. त्याच ओहोळावरच्या करंजाचं, जांभळाचं, निवराचं बी मृगात गोळा करा आणि त्याच दिवशी पेरा. गुरं आत येणार नाहीत एवढं कुंपण घाला.