आश्रयार्थी माता, इंग्रजीचा वर्ग आणि संशोधन

प्रश्न: मी पुण्यात समाजकार्य शिकले आणि सध्या इंग्लंडात लीड्सला एम.ए. करते आहे. देश सोडून इथे आश्रयासाठी (असायलम) अर्ज केलेल्या मातांचं इंग्रजी शिक्षण आणि त्यांचं मनःस्वास्थ्य यांचा संबंध तपासायचा आहे. वर्गाला जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या बायकांची तुलना पुरेल का? प्रश्नावली कोणती घ्यावी?

उत्तर: नुसती तुलना पुरणार नाही, कारण वर्गाला कोण जाऊ शकते हे बरंचसं मुलाच्या वयावर ठरतं. इंग्लंडमध्ये मुलाला तीन वर्षं पूर्ण झाली की पुढच्या सत्रापासून आठवड्याला १५ तास मोफत बालवाडी मिळते. सरकारी आश्रय-मदतीवर राहणाऱ्या कुटुंबाला ती दोन वर्षांपासून मागता येते. मूल त्याहून लहान असेल, तर जिथे पाळणाघर आहे तोच वर्ग आईच्या कामाचा. शिवाय सरकारी खर्चाच्या प्रौढ वर्गासाठी अर्जदार साधारणपणे सहा महिने निकालाविना थांबल्यावर पात्र ठरते. म्हणजे वर्गात भेटणारी आई बहुधा इथे थोडी रुळलेली असते आणि तिचं मूलही मोठं असतं. ती जास्त समाधानी दिसली तर श्रेय वर्गाला द्यायचं की या गोष्टींना? म्हणून धाकट्या मुलाचं वय, येऊन झालेले महिने, सरकारने हॉटेलात ठेवलं आहे की घरात, आणि अर्जाची पायरी (मुलाखत बाकी, निकाल बाकी, अपील चालू) हे प्रत्येकीचं नोंदवा.

प्रश्नावली डब्ल्यूएचओ-५ घ्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची मनःस्वास्थ्याची छोटी प्रश्नावली. पाचच विधानं, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ५ गुण. बेरजेला ४ ने गुणलं की १०० पैकी गुण मिळतात, आणि ५० किंवा त्याहून कमी आले तर काळजी घ्यावी. अनेक भाषांत तयार अनुवाद आहेत. स्वतः अनुवाद करत बसू नका. एक सापळा मात्र आहे. चौथं विधान सकाळी ताजंतवानं वाटण्याबद्दल आहे, आणि रात्री तीनदा उठून बाळाला पाजणारी आई तिथे शून्यच देणार. म्हणून पाचही विधानांचे गुण वेगवेगळे जपून ठेवा. त्या दोन आठवड्यांत नकाराचं पत्र आलं होतं का, हेही हळूच विचारा. गुण फार कमी आले तर तिला कुठे पाठवायचं, हे पहिल्या मुलाखतीआधी ठरलेलं हवं. आश्रयार्थींना एनएचएसचा (सरकारी आरोग्यसेवेचा) उपचार मोफत आहे, त्यामुळे तिच्या जीपीपाशी (नेहमीच्या डॉक्टरपाशी) पोहोचवणं ही निदान पहिली पायरी.

प्रश्न: दुभाषी त्यांच्याच समाजातली घ्यावी का? आणि मुलाखत देणाऱ्या बायकांना मोबदला?

उत्तर: त्याच गावातली ओळखीची नको. बाई असावी, आणि भाषा नेमकी विचारून घ्या: नुसतं ‘कुर्दी’ म्हणून भागत नाही, सोरानी बोली की कुर्मांजी ते कळायला हवं. देश का सोडला, हे विचारूच नका. सरकारी मुलाखतीतलं सांगणं आणि तुमच्याकडचं सांगणं यांत फरक पडला आणि तो कागद कुणाच्या हाती लागला, तर नुकसान तिचं होतं. संमतीसाठी सही मागितली की पुष्कळ जणी बिचकतात. तोंडी संमती ध्वनिमुद्रित करायला विद्यापीठाच्या नीतिसमितीची परवानगी आधीच काढा, आणि या अभ्यासाने अर्जाचं भलंही होणार नाही, वाईटही होणार नाही, हे स्पष्ट सांगा.

बहुतेकींना नोकरीची परवानगी नसते, तेव्हा पगारासारखं काही देऊ नका. छोटं गिफ्ट व्हाउचर चालेल का, ते स्थानिक मदतसंस्थेला आधी विचारा. बसभाडं मात्र आल्याबरोबर हातात द्या. २०२४ च्या दराने स्वतः रांधणाऱ्या कुटुंबाला माणशी आठवड्याला ४९.१८ पौंड सरकारी मदत मिळत असे. त्यातून बसभाडं भरून महिनाभराने परतावा घ्या, असं तिला सांगता येत नाही. भेटीची वेळ सकाळी दहा ते दुपारी दोन, मूल शाळेत असताना.