कामाचे दिवस मोज

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा संशोधनाचा आराखडा नीट वाचला. मराठवाड्यात बसून, मराठवाड्यातल्याच माणसांवर तू हा विषय करते आहेस याचा मला फार आनंद आहे. पण ‘व्यापार धोरणामुळे किती नोकऱ्या गेल्या आणि किती आल्या’ हा तुझा मूळ प्रश्न आधी बदल. आपल्याकडे त्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘विशेष फरक पडला नाही’ असंच निघेल, आणि ते खरं नसेल.

जिनिंगवरची, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यातली बाई डोळ्यांसमोर आण. मानवत, सेलू, परभणी या पट्ट्यात दिवाळीच्या आगेमागे जिनिंगची मशीन सुरू होतात. बाया कापसाच्या ढिगातून पाला आणि कवडी म्हणजे किडका कापूस वेचतात, पुरुष गाड्या खाली करतात, प्रेसवर गाठी बांधतात. आवक फेब्रुवारी-मार्चपर्यंत टिकली तर चार महिने हजेरी लागते. लवकर आटली तर दोन. आता सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणातली व्याख्या काढून बघ. वर्षभराच्या हिशोबात एखाद्याने दुय्यम काम म्हणून किमान ३० दिवस काम केलं असलं, तरी तो माणूस रोजगारात धरला जातो. म्हणजे त्या बाईचे चार महिन्यांचे दोन महिने झाले तरी तक्त्यात ती होती तिथेच राहते. घरातली मजुरी मात्र निम्म्यावर आलेली असते. सालदार, पगारी नोकर हा आपल्याकडे लहान वर्ग. बाकी सगळं हंगामी आणि रोजंदारीचं. म्हणून तू कामाचे दिवस मोज.

दिवस मोजायचे तर अधिसूचनेची तारीख आणि हंगाम शेजारी ठेवून वाचायला शिक. २०२५ चंच घे. अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के शुल्क लावलं. तामिळनाडूतल्या तिरुपूरच्या कपडे शिवणाऱ्या कारखान्यांना त्याची थेट झळ. इकडे केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्टपासून माफ केलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत. ती मुदत तेवढ्यावर संपली असती तर आपल्याकडे फारसं बिघडलं नसतं, कारण तेव्हा आपला कापूस अजून झाडावर असतो. पण मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. ऑक्टोबर ते डिसेंबर म्हणजे पहिली-दुसरी वेचणी, शेतकऱ्याला पैशाची सगळ्यात जास्त नड असते तो काळ.

त्यात त्या सप्टेंबरात अतिवृष्टीने मराठवाडा धुऊन काढलेला. ओला कापूस. लांब धाग्याचा त्या हंगामाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल, पण सीसीआयकडे, म्हणजे हमीभावाने खरेदी करणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाकडे, पूर्ण भाव ८ टक्के ओलाव्यापर्यंतच. १२ टक्क्यांपर्यंत कपात, त्यापुढे घेत नाहीत. खासगी जिनर परदेशी गाठीचा भाव बघून हात आखडता घेतो. सीसीआय काही जिनिंग ठेक्याने घेऊन तिथे आपल्या कापसाची सरकी काढून घेते. ज्या जिनिंगला ते काम मिळतं तिथली हजेरी चालू राहते, बाकीच्यांचं गेट कधी उघडेल याची मजूर वाट बघत बसतो. एकाच तालुक्यात, एकाच धोरणाखाली, दोन जिनिंगच्या मजुरांचे दिवस वेगवेगळे निघतील. सरासरी काढलीस की हे सगळं पुसलं जाईल, म्हणून सरासरी सगळ्यात शेवटी काढ.

आणि तिरुपूरच्या शिवणकाम करणाऱ्या मुलीलाही विसरू नकोस. तीही कुठल्यातरी कोरडवाहू गावातून पोट भरायला आलेली असते. सूत महागलं आणि ऑर्डर फिरली तर तिचेही दिवस जातात. शुल्क माफ केलं म्हणून तिचे दिवस वाचले असतील, तर ते तुझ्या प्रबंधात आलेच पाहिजेत. आपल्या भागाची बाजू घ्यायला माझी हरकत नाही, मीही घेतो. पण दुसऱ्या बाजूचं नुकसान लपवून घेतलेली बाजू टिकत नाही, आणि ती घ्यावी अशी माझी इच्छाही नाही.

सोयाबीनचं प्रकरण तू दोन ओळींत उरकलं आहेस. तिथे थांब, कारण लातूरची मोठी उलाढाल त्यावर आहे. तू लिहितेस, तेलावरचं शुल्क वाढलं की सोयाबीनचा भाव वाढतो आणि गाळप वाढतं. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीसवर नेलं. तरी त्या हंगामात बाजारात सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच विकलं गेलं. असं का व्हावं? सोयाबीनमध्ये तेल असतं जेमतेम अठरा टक्के. बाकी सगळी डीओसी, म्हणजे पेंड. भाव पेंडीवर चालतो. ब्राझील-अर्जेंटिनाची स्वस्त पेंड निर्यातीत आडवी आली, आणि देशात मक्यापासून इथेनॉल करताना उरणारा चोथा कोंबडीखाद्यात पेंडीची जागा घेऊ लागला. म्हणजे शुल्काने जे दिलं ते इथेनॉलच्या धोरणाने काढून घेतलं, आणि व्यापाराच्या अधिसूचनेत इथेनॉलचं नावही नव्हतं. पुढे ३० मे २०२५ ला, पेरणीच्या तोंडावर, तेलाचं शुल्क पुन्हा साडेसोळावर आणलं.

त्याआधीचं २०२१ सालही बघ. सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं होतं. कोंबडीवाल्यांची ओरड झाली आणि ऑगस्टात जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी मिळाली. नवं पीक महिन्याभरावर आलेलं. भाव उतरायला नवी आवकही कारण होतीच, सगळं खापर आयातीवर फोडू नकोस. पण परवानगीची तारीख काय होती, ते नक्की लिही.

डाळीचं थोडक्यात सांगतो. पिवळा वाटाणा डिसेंबर २०२३ पासून ऑक्टोबर २०२५ पर्यंत शुल्काविना येत होता, तूर त्याआधीपासूनच. शेतकऱ्याच्या तुरीला त्याचा फटका बसतो. मात्र लातूर-उदगीरच्या दाळ मिलमध्ये पॉलिश आणि निवडणीवर असलेल्या मजुराला गावची तूर संपल्यावर आयातीच्या मालावरही काम मिळू शकतं. एकाच घरात आई मिलमध्ये आणि बाप तूर पिकवणारा, असं असेल तर त्या घराचा हिशोब कसा मांडायचा? हा तुझ्या प्रबंधातला सगळ्यात चांगला प्रश्न होऊ शकतो.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीबद्दल एवढंच, की वाहनांच्या सुट्या भागांवर अमेरिकेने मे २०२५ पासून लावलेल्या २५ टक्के शुल्काचा परिणाम कायम कामगारांच्या यादीत शोधू नकोस. आधी ओव्हरटाइम थांबतो. मग ठेकेदाराच्या पोरांना ‘ब्रेक’ मिळतो आणि ब्रेकनंतर परत बोलावणं येत नाही. कंपनीच्या कागदावर कोणालाच कामावरून काढलेलं नसतं.

बाहेरच्या देशांवरचं तुझं प्रकरण मात्र पाठ्यपुस्तकी झालं आहे. त्यात दोन गोष्टी जीव ओतून लिही. पहिली, बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली. अमेरिकेच्या अनुदानामुळे जगात कापसाचा भाव पडतो आणि आमचा शेतकरी मरतो, हे या चार गरीब देशांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत मांडलं. याच अनुदानांविरुद्ध ब्राझीलने रीतसर खटला लढवून जिंकला, आणि २०१४ मध्ये अमेरिकेकडून पैसे घेऊन तो मिटवला. त्या चार देशांच्या हाती तसं काही लागलं नाही. परभणीचा कापूस आणि मालीचा कापूस एकाच भावाला बांधलेले आहेत, हे आपल्या पोरांना कोणी शिकवत नाही.

दुसरी, बांगलादेश. युरोपातल्या विनाशुल्क प्रवेशाचा हातभार लागून लाखो बाया पहिल्यांदा घराबाहेर पडून मजुरी कमवू लागल्या, हे मोठंच काम झालं. त्याच धंद्यात २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा कोसळून ११०० हून अधिक माणसं गेली. अमेरिकेने त्या जूनमध्ये बांगलादेशच्या आयातशुल्कातल्या सवलती थांबवल्या, पण तयार कपडे मुळात त्या सवलतीत जवळपास नव्हतेच. इमारतींची तपासणी खरी मार्गी लागली ती कामगार संघटना आणि कपड्यांच्या ब्रँडनी केलेल्या बंधनकारक करारामुळे. शुल्क कमी झालं की काम येतं. ते काम कोणत्या छताखाली होणार, हे शुल्क ठरवत नाही.

आता कामाला लाग. मोंढ्यात हमालाला हमाली पोत्यामागे मिळते, म्हणून बाजार समितीचं रोजच्या आवकेचं रजिस्टर हेच तुझं पहिलं साधन. १९६९ च्या कायद्याखालच्या माथाडी मंडळाकडे नोंदलेल्या हमालांच्या मजुरीचा हिशोब असतो, तो रीतसर अर्ज करून माग. जिनिंगची माहिती मालकाकडे मागू नकोस, तो तुला गाठींचा आकडा देईल. मुकादमाकडे जा, त्याच्या खिशातल्या डायरीत कोण किती दिवस आलं हे लिहिलेलं असतं. बायांशी बोलायला दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत जा, आणि मुकादम शेजारी बसला असेल तर मजुरीचा विषय काढू नकोस, संध्याकाळी घरी जाऊन विचार. कोणाचंही नाव वहीत लिहू नकोस, खुणेने नोंद ठेव.

पहिल्या पाच-सहा जणींशी बोलणं झालं की कच्ची टिपणं तशीच पाठव. तक्ते आपण मागाहून करू.

तुझा,
सर