होळीचे उधाण, पाडव्याचे उधाण

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे वडील बार्जवर (सपाट तळाच्या मालवाहू नौकेवर) तांडेल, म्हणजे खलाशांचे प्रमुख, आहेत. बार्ज पस्तीस वर्षांहून जुने आहे. दर वर्षी फाल्गुन ते वैशाख या काळात ते दारुखान्याच्या बाजूला चिखलावर टेकवतात आणि आम्ही पाच जण त्यावरच राहून डागडुजी करतो. यंदा वडिलांनी ही जबाबदारी माझ्यावर सोपवली आहे. कामाचा क्रम कसा लावावा? गेल्या वर्षी लावलेला रंग दिवाळीपर्यंतही टिकला नाही.
— एक वाचक, रे रोड

उत्तर : रंग दिवाळीपर्यंत टिकला नाही, या तुमच्या वाक्यातच निम्मे उत्तर आहे. अशा वेळी दोष रंगाच्या डब्यात क्वचितच असतो. रंग कोणत्या वेळी आणि कशा पत्र्यावर लावला, यात चूक झालेली असते. म्हणून सगळ्यात आधी वेळेविषयी लिहितो.

तुमच्या कामाचे वेळापत्रक तारखांवर न बसवता तिथींवर बसवा. मुंबई बंदरात पौर्णिमा आणि अमावास्येला भरती दुपारी बाराच्या थोडी पुढेमागे पूर्ण होते आणि पाणी सर्वांत खाली जाते ते सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा कोकण किनाऱ्यावरचा जुना तोंडी हिशोब तुमच्या वडिलांना नक्कीच पाठ असेल : अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाला. यातून आपल्या उपयोगाची गोष्ट अशी निघते की, उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या मोठ्या भरती-ओहोटीच्या, ज्या दिवसांत बार्जच्या कडा सर्वांत खालपर्यंत उघड्या पडतात, त्याच दिवसांत ती ओहोटी उन्हाळ्यातील थंड वेळेला, पहाटे आणि दिवेलागणीला येते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, मात्र पाणी फारसे उतरत नाही आणि जे उतरते ते भर दुपारी बाराला, जेव्हा पत्र्याला हात लावणे शक्य नसते. मोठ्या उधाणाला मुंबईत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत जवळजवळ पाच मीटरचा फरक पडतो, तर भांगाला तो त्याच्या निम्म्याहूनही कमी असतो. बाहेरची कामे उधाणाला आणि आतली कामे भांगाला, ही वाटणी एकदा केली की अर्धी घाई आपोआप संपते.

सोयीसाठी सणांची खूण धरा. होळी पौर्णिमेला, पाडवा अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, हनुमान जयंती पुन्हा पौर्णिमेला आणि अक्षय्य तृतीया चैत्र अमावास्येनंतर तिसऱ्या दिवशी, अशी चार उधाणे तुमच्या हाती आहेत. होळीच्या उधाणाला फक्त खरवडणे आणि तपासणे, पाडव्याच्या उधाणाला पत्र्याचे काम, हनुमान जयंतीच्या उधाणाला रंग, आणि अक्षय्य तृतीयेचे उधाण राहिलेल्या कामांसाठी मोकळे ठेवणे, असा क्रम मी सुचवेन. हे चौथे उधाण मोकळे ठेवण्याबाबत मी आग्रही आहे. मे महिन्यात अरबी समुद्रात वादळ उठू शकते. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या परिसरात पी-३०५ हे कामगारांच्या निवासाचे बार्ज बुडाले आणि अनेकांचे प्राण गेले. तुमचे बार्ज खाडीत आहे हे खरे, परंतु कापलेला पत्रा आणि सोडवलेले दोर अशा अवस्थेत ते मेच्या मध्यावर सापडू नये.

आता पत्र्याविषयी. शंखशिंपले आणि शेवाळ खरवडून झाल्यावर संपूर्ण कडेवर वीतभर अंतराने हातोडीने ठोकत जा. शाबूत पत्रा खणखणीत वाजतो, झिजलेला बद्द बोलतो. जिथे आवाज बद्द येईल तिथे खडूने खूण करा आणि त्या जागेची जाडी अल्ट्रासोनिक यंत्राने मोजून घ्या. झीज मूळ जाडीच्या पाव हिश्श्याच्या पुढे गेली असेल, तर तो भाग कापून नवा पत्रा घालण्याचाच विचार करावा; अंतिम निर्णय अर्थातच सर्वेअरचा. पत्र्यावर पत्रा चढवण्याची पद्धत स्वस्त पडते, म्हणून ती आपल्याकडे सर्रास चालते, परंतु झिजलेला पत्रा खाली तसाच राहतो, दोन पत्र्यांच्या मध्ये ओल शिरते आणि पुढच्या वर्षी हातोडीचा आवाजही फसवा येतो. तात्पुरता उपाय म्हणून ती चालेल, कायमची दुरुस्ती म्हणून नाही.

एका खुणेकडे विशेष लक्ष द्यावे. चिखलाच्या पातळीवरील गंजाचा फुगलेला फोड चाकूच्या टोकाने उचलला की कधी कधी आत काळा, ओलसर लगदा निघतो आणि कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. तो लगदा बोटाने पुसला तर खाली वाटीसारखा खोल, चकाकणारा खड्डा दिसतो. प्राणवायू नसलेल्या चिखलात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचे हे काम आहे. आजूबाजूचा पत्रा उत्तम असतानाही असा एकच खड्डा आरपार जाऊ शकतो, त्यामुळे तो रंगाखाली झाकणे म्हणजे गळती पेरून ठेवण्यासारखे आहे.

रंग हनुमान जयंतीच्या उधाणाला द्यायचा असला, तरी त्यासाठी नेमका पौर्णिमेचा दिवस निवडू नका. त्या दिवशी पाणी सहाला उतरते, तेव्हा पत्र्यावर दव असते आणि ते नुसत्या डोळ्यांना दिसतेच असे नाही. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरू लागते त्यापेक्षा) किमान ३ अंशांनी अधिक असावे, हा रंगकामाचा सर्वमान्य नियम आहे. ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून द्वितीया-तृतीयेला पाणी साडेसात-आठच्या सुमारास सर्वांत खाली असते. ऊन नुकतेच चढलेले, पत्रा कोरडा, परंतु तापलेला नाही. आदल्या ओहोटीत गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढा आणि रंगवण्याच्या सकाळी पाणी उतरताच रंगवायचा पट्टा पुन्हा गोड्या पाण्याने धुऊन, फडक्याने पुसून घ्या. मिठावर लावलेला रंग फोड धरतो; गेल्या वर्षी तुमच्या रंगाचे बहुधा हेच झाले असावे. रंगाचा हात द्यायचा तो हा पट्टा परत पाण्यात बुडेपर्यंत किती तास मिळतात हे मोजून, आणि ओलसर पत्र्यावर चालणारा इपॉक्सी रंगच घेऊन.

चिखलावर टेकलेल्या बार्जचा तळ तुम्हाला दिसत नाही, हेही विसरू नये. त्यासाठी सुकी गोदी किंवा स्लिपवेच (नौका किनाऱ्यावर ओढून घेण्याचा उतार) हवा. शिवाय मऊ चिखल तळ धरून ठेवतो आणि भरती चढली तरी बार्ज लगेच उचलले जात नाही, त्यामुळे उधाणाच्या दिवसांत खालची झाकणे आणि बाजूच्या खिडक्या उघड्या ठेवून कोणी झोपू नये.

प्रश्न : माझे यजमान जुन्या बार्जवर राखणीला असतात. मार्चपासून केबिनची भट्टी होते. ते दिवसातून तीनदा डेकवर खाडीचे पाणी ओततात, आणि दुपारी बार्जच्या पोटातल्या बंद टाकीत थंड वाटते म्हणून तिथे जाऊन पडतात. हे योग्य आहे का?
— एक वाचक भगिनी, शिवडी

उत्तर : ताई, दुसरी गोष्ट त्यांनी आजपासूनच बंद करावी, आणि हे तुम्ही त्यांना शक्य तितक्या कठोर शब्दांत सांगावे. लोखंड गंजताना हवेतील प्राणवायू शोषून घेते. महिनोन्महिने बंद असलेल्या टाकीत ना वास असतो ना धूर, तरीही तिथे माणसाला पुरेल इतका प्राणवायू उरलेला नसतो. बाहेरच्या हवेत तो सुमारे २१ टक्के असतो; तो फार खाली गेला तर माणूस धाप लागण्याआधीच कोसळतो. मी तरुणपणी एका बार्जच्या पुढच्या टाकीत उतरलेल्या सहकाऱ्याला शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून घसरताना पाहिले आहे. त्याच्या कमरेला दोर होता, म्हणून आम्ही त्याला ओढून वर घेऊ शकलो. दोर नसता तर आमच्यापैकी कोणीतरी त्याच्यामागे उडी मारली असती आणि दोघेही गेले असते. साफसफाईसाठी टाकीत उतरणे भागच असेल, तर आदल्या दिवशी दोन्ही मॅनहोल उघडावीत, ब्लोअर लावावा, यंत्राने प्राणवायू मोजावा आणि एक माणूस सतत तोंडाशी उभा ठेवावा. काडी पेटवून हवा तपासण्याचा प्रकार कधीही करू नये.

डेकवर खारे पाणी ओतण्याची सवय लाकडी पडावांच्या काळातली आहे. तिथे ती योग्यच होती, कारण ओल्या फळ्या फुगून सांधे घट्ट राहत. लोखंडी डेकवर ते पाणी घटकाभरात वाळते आणि मीठ मागे राहते. त्याऐवजी केबिनच्या छतावर हातभर उंच ताडपत्री बांधावी. ताडपत्री आणि पत्रा यांच्यामधून वारा खेळला पाहिजे, कारण थेट पत्र्यावर टाकलेली ताडपत्री काहीच थंडावा देत नाही. छताला पांढरा रंग द्यावा. मुंबईत दुपारी खारा वारा साधारण पश्चिम-वायव्येकडून येतो, तेव्हा त्या बाजूची खिडकी मोकळी आणि समोरची किंचित उघडी राहू द्यावी. झोपायचे डेकवर, मच्छरदाणी लावून. प्यायच्या पाण्याचा माठ सावलीत असावा, आणि दोन दिवस पुरेल इतके पाणी नेहमी शिल्लक असावे.

प्रश्न : इंग्लंडमध्ये लोक कालव्यांवरच्या अरुंद नौकांत वर्षभर राहतात, असे वाचले. मुंबईत एखादे जुने बार्ज घेऊन तसे राहता येईल का?
— एक विद्यार्थी, दादर

उत्तर : तिकडच्या त्या नौका जेमतेम २.१ मीटर रुंद असतात आणि गोड्या पाण्यात, जलपाशांनी (पाणी अडवणाऱ्या दरवाजांनी) पातळी राखलेल्या कालव्यात तरंगतात. दोन-तीन वर्षांतून एकदा तळाला डांबरी लेप दिला आणि गंज स्वतःवर घेऊन पत्रा वाचवणारे मॅग्नेशियमचे ठोकळे बदलले की बरेचसे भागते. आपल्याकडे तेच बार्ज दिवसातून दोनदा उचलले आणि टेकवले जाते, पाणी खारे असल्याने मॅग्नेशियमऐवजी जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे ठोकळे लागतात, आणि तिकडे उन्हाळा सुरू होतो त्या मे महिन्याच्या अखेरीस आपल्याकडे गेटवेची प्रवासी जलवाहतूकसुद्धा पावसाळ्यासाठी थांबते. नोंदणी, सर्वेक्षण आणि नांगरण्याची परवानगी यांशिवाय बार्ज कुठेही उभे करता येत नाही. तुम्हाला खरोखर ओढ असेल, तर आधी एक उन्हाळा रे रोडच्या वाचकासारख्या एखाद्या तांडेलाच्या हाताखाली, होळीच्या उधाणापासून काढावा.