केसांसाठी दीड लाख: आत्ता की वीस महिन्यांनी?

वाचकाचा प्रश्न थोडक्यात: वय 26, मूळ गाव इचलकरंजी, नोकरी चाकणला, हातात पगार 44,000. कपाळ दोन्ही बाजूंनी मागे सरकलंय, भोवऱ्याजवळ टाळू दिसायला लागली आहे. घरचे स्थळं बघताहेत आणि फोटो पाहूनच दोन नकार आले. एका क्लिनिकने केस प्रत्यारोपणासाठी 2,400 ग्राफ्ट (मागून मुळासकट काढून पुढे लावायचे केसांचे बारीक पुंजके) सांगितले आहेत. ग्राफ्टला 50 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1,41,600. ही रक्कम बारा ‘बिनव्याजी’ हप्त्यांत द्यायची, ऑफर महिनाअखेरपर्यंत, आणि 5,000 टोकन भरून झालंय. मित्र म्हणतो, पॅच (टाळूवर टेपने चिकटवायचा केसांचा तुकडा) लाव, 16,000 मध्ये काम होतं. आई म्हणते, माझ्या पाटल्या गहाण ठेवू. काय करावं?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘प्रश्न फालतू वाटला तर माफ करा.’ तो फालतू अजिबात नाही. सव्विसाव्या वर्षी रोज सकाळी उशीवरचे केस वेचणं किती जिव्हारी लागतं, हे माझ्यासमोर बसून अनेकांनी सांगितलंय. या गोष्टीवर खर्च करावा की नाही, हे मी ठरवणार नाही. तो तुमचा हक्क आहे. माझं म्हणणं फक्त वेळेबद्दल आणि पैसे कुठून येणार याबद्दल आहे.

आधी तुमचा महिना मांडू. भाडं आणि मेस 14,000, घरी 10,000, बाइकचा हप्ता 3,800 (अजून नऊ महिने), एसआयपी 3,000, बाकी खर्च 7,000. बेरीज 37,800. हातात उरतात 6,200. क्लिनिकचा हप्ता आहे 11,800. म्हणजे दर महिन्याला 5,600 कमी पडणार. एसआयपी बंद केली तरी 2,600 ची तूट राहतेच. ती क्रेडिट कार्डावर जाईल किंवा 1,10,000 च्या एफडीतून निघेल. पण एसआयपी सोडून तुमचा महिन्याचा खर्च 34,800 आहे. तीन महिन्यांचे होतात 1,04,400. ती एफडी म्हणजे तुमची नोकरी गेली किंवा घरी कुणी आजारी पडलं तर लागणारे पैसे आहेत. तिला हात लावायचा नाही.

आता ‘बिनव्याजी’ या शब्दाकडे बघू. रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, व्याज कुठेतरी दुसरीकडे लपवलेलं असतं. क्लिनिकला फोन करून एवढंच विचारा, ‘सगळी रक्कम एकदम दिली तर किती घ्याल?’ समजा त्यांनी 1,32,000 सांगितले, तर वरचे 9,600 हेच व्याज झालं आणि त्याचा दर वर्षाला साधारण 13 टक्के पडतो. प्रोसेसिंग फी निराळी.

मेडिक्लेमचा इथे उपयोग नाही. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात वगळलेली असते, कंपनीचा ग्रुप विमा असला तरी. जीएसटीही त्यामुळेच लागतो. एरवी डॉक्टरांच्या उपचारांवर तो नसतो, पण केस प्रत्यारोपणाला ती सूट नाही. कोटेशनमधले 21,600 त्याचेच आहेत.

मित्राने सुचवलेला पॅच स्वस्त वाटतो कारण त्याचा पहिला आकडा लहान आहे. तुम्हीच लिहिलंय की 16,000 चा पॅच साधारण वर्षभर टिकतो आणि दर तीन आठवड्यांनी सर्व्हिसिंगला 1,000 लागतात. वर्षात 17 वेळा म्हणजे 17,000. पॅच धरून 33,000. दहा वर्षांत 3,30,000 होतात, भाववाढ न धरता. शस्त्रक्रियेच्या कोटेशनच्या दुपटीहून जास्त!

पैशांपलीकडचंही सांगतो. माझा एक क्लायंट सहा वर्षं पॅच लावत होता. मे महिन्यात ऑफिसला आला, पंखा फुल होता तरी बोलता बोलता दर दोन मिनिटांनी दोन बोटांनी कपाळावरची कड दाबायचा. घामाने टेप सुटत होती, खालून पांढरी रेघ दिसत होती. तो म्हणाला, ‘सर, गुहागरला सगळे पाण्यात उतरले, मी काठावर चपला सांभाळत बसलो.’ म्हणून पॅच वाईट असं मी म्हणत नाही. ज्यांचे मागचे केसही विरळ आहेत किंवा ज्यांना शस्त्रक्रिया चालत नाही, त्यांना तो मोठा आधार आहे. लग्नाच्या दिवसापुरता हवा असेल तर जरूर लावा. फक्त मुलीकडच्यांपासून लपवून नको. पत्रिकेत वय खरं लिहितो, तसंच हेही पहिल्या भेटीत सांगून टाका. लग्नानंतर हे कळून दुखावलेली घरं मी पाहिली आहेत आणि ते दुखणं पैशाने भरून निघत नाही.

आता शस्त्रक्रिया. मी डॉक्टर नाही, पण तिचं काम कसं चालतं हे समजल्याशिवाय हिशेब करता येत नाही. डोक्याच्या मागच्या पट्ट्यातले केस टक्कल पाडणाऱ्या हार्मोनला सहसा दाद देत नाहीत. ते मुळासकट काढून पुढे लावतात आणि तिथेही ते आपला स्वभाव टिकवतात. या उपचाराचा सगळा पाया एवढाच. पण मागचा तो साठा मर्यादित असतो. काढलेल्या जागी नवे केस उगवत नाहीत. ‘अनलिमिटेड ग्राफ्ट’ अशी जाहिरात दिसली की तिथून उठावं, कारण तुमच्या डोक्यातला साठा अनलिमिटेड नाही. मी त्याला एफडी समजतो, जी एकदाच मोडता येते.

आणि तुमचं वय इथेच आडवं येतं. लावलेले केस राहतात, पण त्यांच्या शेजारचे तुमचे मूळचे केस गळायचे थांबत नाहीत. माझ्याकडे होम लोनसाठी आलेला एक जण होता, वय 34. चोविसाव्या वर्षी त्याने पुढची रेषा दाट करून घेतली होती. त्याने टोपी काढून दाखवलं: कपाळावर दाट पट्टा, मागे पूर्ण मोकळी टाळू, जणू पाण्यातलं बेट. दुसऱ्या बैठकीला मागे पुरेसे केस उरलेले नव्हते. 24 किंवा 26 या वयात टक्कल कुठपर्यंत जाणार हे ठरलेलं नसतं. म्हणून जाणकार सर्जन या वयात घाई करत नाहीत, आधी औषधं देऊन गळती स्थिरावते का ते पाहतात. तुम्हाला पहिल्या भेटीत, अर्ध्या तासात 2,400 चा आकडा सांगून टोकन घेतलं गेलं, हे मला खटकलं.

शिवाय शस्त्रक्रियेने औषध सुटत नाही. फिनास्टेराइडच्या गोळीला अमेरिकेत केसगळतीसाठी 1997 मध्ये मान्यता मिळाली, डोक्याला लावायच्या मिनॉक्सिडिलला 1988 मध्ये. दोन्ही जुनी, पारखलेली औषधं आहेत, पण घेत असेपर्यंतच काम करतात. उरलेले केस राखायचे तर प्रत्यारोपणानंतरही ती चालू ठेवावी लागतात. गोळीने काहींची लैंगिक इच्छा कमी होते, काहींचं मन उदास राहतं. हे डॉक्टरांशी स्पष्ट बोलून घ्या, संकोच करू नका. लग्न समोर असताना तर नक्कीच.

या औषधांसाठी तुम्ही महिना साधारण 1,000 चा अंदाज दिलाय, म्हणजे दहा वर्षांत 1,20,000. क्लिनिकने सुचवलेल्या पीआरपीच्या (स्वतःच्याच रक्तातून काढलेला द्रव टाळूत टोचण्याच्या) चार बैठका, प्रत्येकी 5,000, पॅकेजमध्ये नाहीत. म्हणजे शस्त्रक्रियेची दहा वर्षांची खरी किंमत 1,41,600 अधिक 1,20,000 अधिक 20,000, एकूण 2,81,600. दुसरी बैठक लागली तर ती वेगळीच. निव्वळ औषधांवर राहिलात तर 1,20,000. डोक्यावर ठिपक्यांसारखा रंग भरून घेणं हाही एक प्रकार आहे. तो बारीक कापलेल्या केसांवर बरा दिसतो, तुम्हाला केस वाढवायचे आहेत म्हणून त्यात शिरत नाही.

मग माझा सल्ला काय? वीस महिने थांबा, पण हातावर हात ठेवून नव्हे.

या महिन्यात क्लिनिक नव्हे, त्वचारोगतज्ज्ञ गाठा. थायरॉइड, लोह अशा साध्या तपासण्या ते सांगतील, कारण कधीकधी गळतीचं मूळ तिथे असतं. त्यांनी औषध सुरू केलं तर 6,200 मधले 1,000 त्याला द्या. 5,000 ची आरडी उघडा. नऊ महिन्यांत 45,000 जमतील. तेवढ्यात बाइकचा हप्ता संपेल, तेच 3,800 आरडीत वळवा. पुढचे अकरा महिने 8,800 प्रमाणे 96,800. एकूण 1,41,800, व्याज सोडून. वीस महिन्यांत कोटेशनची पूर्ण रक्कम रोख तुमच्या हातात, एसआयपी चालू, एफडी जागच्या जागी. पगारवाढ मी धरलेलीही नाही.

औषधाचा असर कळायला सहा महिने लागतात, नीट अंदाज यायला वर्ष. म्हणजे हा काळ वाया जात नाही, त्यातच केसांचं काय ते कळतं. दर महिन्याला त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात समोरून आणि वरून फोटो काढा. आरशावर विश्वास ठेवू नका, मन खचलेलं असलं की आरसाही तसंच दाखवतो. वर्षाने गळती थांबलेली असेल तर कदाचित कमी ग्राफ्टमध्ये भागेल. आणि लग्न त्याआधी ठरलंच, तरी घाई करून उपयोग नाही. प्रत्यारोपणानंतर लावलेले केस पहिल्या महिन्या-दीड महिन्यात बहुतेक गळून पडतात, तीन-चार महिन्यांनी पुन्हा उगवू लागतात आणि पूर्ण परिणाम दिसायला वर्ष लागतं. डिसेंबरच्या मुहूर्तासाठी सप्टेंबरात शस्त्रक्रिया केली तर लग्नाच्या फोटोत डोकं आजच्यापेक्षा विरळ दिसू शकतं.

पुढे करायचीच ठरली तर जागा नीट पारखा. ग्राफ्ट काढणार कोण आणि लावणार कोण, डॉक्टर की टेक्निशियन, हे लेखी घ्या. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट केलंय की हे काम प्रशिक्षित नोंदणीकृत डॉक्टरचं आहे. तातडीची वेळ आली तर तिथे सोय काय, हेही विचारा. 2019 मध्ये मुंबईत 43 वर्षांच्या एका व्यावसायिकाचा प्रत्यारोपणानंतर दोन-तीन दिवसांत मृत्यू झाला होता. एकाच बैठकीत 9,000 हून जास्त ग्राफ्ट लावल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. ग्राफ्टमागे दहा रुपये वाचवायची ही जागा नव्हे.

आता पाटल्या. आईने त्या पुढे केल्या यात तिची माया दिसते, आणि म्हणूनच त्या घेऊ नका. सोन्यावरचं कर्ज फेडायचा हप्ताही त्याच 6,200 मधून जाणार आणि हप्ते चुकत गेले तर लिलावाची नोटीस आईच्या नावाने घरी येऊ शकते.

टोकनचे 5,000 लेखी अर्ज करून परत मागा, पावती जोडा, अर्जाची पोच घ्या. नाही मिळाले तर वाईट वाटेल, पण त्या 5,000 साठी पुढचे 1,36,600 अडकवू नका. ऑफर महिनाअखेरीला संपते आहे, तर संपू द्या. आणि या रविवारी घरी जाल तेव्हा पाटल्या आईच्या हातात घालून या.