उणे तीसमध्येही स्नोमोबिलचं इंजिन तापतं: यलोनाइफला येण्याआधी हे वाचा

तुम्ही लिहिलंय की जानेवारीत कॅनडातल्या यलोनाइफला नोकरीवर रुजू होताय. तिथल्या एका सहकाऱ्याची जुनी, लिक्विड-कूल्ड (इंजिन कूलंट नावाच्या द्रवाने गार ठेवणारी) स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर चालणारी गाडी, घ्यायचं जवळपास ठरलंय. त्याने पाठवलेल्या व्हिडिओत गोठलेल्या तळ्यावरून गाडी पळत असताना तापमानाचा लाल दिवा लागलेला दिसतो. तो म्हणतो, सेन्सर खराब आहे, उणे तीसमध्ये इंजिन तापेलच कसं? तुम्हालाही ते पटलंय. गाडी घ्यावी का आणि वाटेत खरंच तापली तर काय करायचं, हे दोन्ही तुम्ही विचारलंत. मी इथे उत्तरेत बरेच हिवाळे काढलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

सेन्सर बिघडूही शकतो. पण तळ्यावर पळवताना लागलेला दिवा बहुतेक वेळा खरं सांगत असतो. हवा कितीही गार असली तरी या गाड्या हवेवर थंड होत नाहीत, त्या थंड होतात भुसभुशीत बर्फावर.

कारमध्ये समोर रेडिएटर असतो आणि मागे पंखा. बहुतेक लिक्विड-कूल्ड स्नोमोबिलमध्ये हे दोन्ही नसतं. सीटखाली, ट्रॅकच्या (गाडी पुढे ढकलणाऱ्या फिरत्या रबरी पट्ट्याच्या) वर, अ‍ॅल्युमिनियमचा एक लांबलचक बोगदा असतो, त्याला टनेल म्हणतात. त्याच्या आतल्या बाजूला कूलर बसवलेले असतात आणि इंजिनातलं गरम कूलंट त्यांतून फिरतं. ट्रॅक फिरताना खालचा बर्फ उडवून त्या कूलरवर मारतो, बर्फ वितळतो आणि वितळताना उष्णता घेऊन जातो. एक किलो बर्फ वितळायला साधारण ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. एवढी उष्णता नुसती वाऱ्याची झुळूक नेऊ शकत नाही. म्हणून ताज्या बर्फात ही गाडी दिवसभर पळेल, पण काचेसारख्या कडक बर्फावर ट्रॅकला उडवायला काही मिळालंच नाही, तर थोड्याच वेळात दिवा लागेल. बाहेर उणे तीस असो की उणे पाच, फारसा फरक पडत नाही.

आणि यलोनाइफच्या दाराशी आहे ग्रेट स्लेव्ह लेक. वारा त्यावरचा बर्फ झाडून नेतो आणि मैलोन्‌मैल उघडा, टणक पृष्ठभाग उरतो. व्हिडिओ नेमका तिथलाच वाटतो. हिवाळा संपताना आणखी एक काळ येतो. दिवसा वरचा थर वितळतो, रात्री गोठतो, आणि सगळ्या वाटा दगडासारख्या होतात. इंजिन तापण्याच्या तक्रारी तेव्हा वाढतात, ऐन थंडीत नाही. लोकांना याचं नवल वाटतं, पण टनेलच्या आत काय चालतं हे कळलं की त्यात नवल काही उरत नाही.

आता परीक्षा कशी घ्यायची ते सांगतो, कारण सौदा करायचा की नाही हे त्यावरच ठरणार आहे. तळ्यावरची चाचणी ग्राह्य धरू नका. गाडी मऊ, खोल बर्फात नेऊन मध्यम वेगाने वीसेक मिनिटं चालवायला लावा. तिथे दिवा लागला नाही, तर इंजिनात बहुधा दोष नाही. तळ्यावर बर्फ मिळत नव्हता, एवढंच. मऊ बर्फातही लागला, तर दोष गाडीत आहे आणि तो शोधल्याशिवाय घेऊ नका.

शोध कूलंटच्या बाटलीपासून सुरू करा. इंजिन पूर्ण गार असताना कूलंटची पातळी बघा. ती कमी असेल तर गेलं कुठे, हा पहिला प्रश्न. ट्रॅकला बर्फावर पकड मिळावी म्हणून ठोकलेले खिळे कधीकधी टनेलच्या कूलरला भोक पाडतात. बाहेरून काही दिसत नाही, पण गाडी उभी राहते तिथे गोडसर वासाचा डाग पडतो. इंजिन चालू असताना बाटलीत सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅसकेट (सिलिंडरच्या माथ्याखालचं सील) गेल्याचा संशय घ्या, ते काम मोठं असतं. मग हाताने तपासा. इंजिन चांगलं तापल्यावर टनेलच्या कूलरला आणि तिकडे जाणाऱ्या पाइपला हात लावा. इंजिन गरम आणि कूलर मात्र गारठलेले, तर कूलंट फिरतच नाहीये. थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारा भाग) बंद अवस्थेत अडकलेला असेल, पंप गेलेला असेल, किंवा आत हवा अडकली असेल. मागच्या मोसमात कुणी कूलंट बदललं असेल, तर हवा अडकण्याची शक्यता सर्वांत जास्त. तो दोष स्वस्तात सुटतो: बऱ्याच मॉडेलांत गाडीचं नाक उंच करून, हवा काढायचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरत राहायचं.

मागची रबरी झडप आहे का तेही बघा. ट्रॅकच्या मागे लोंबणारा हा रबराचा तुकडा लोक शोभेचा समजतात. तो उडालेला बर्फ अडवून टनेलमध्ये ठेवतो. फाटलेला किंवा छाटलेला असेल तर बर्फ सरळ मागे निघून जातो, आणि धडधाकट गाडीही तापते.

टू-स्ट्रोक इंजिन असेल तर दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत तयार होणारा दाब) मोजायला सांगा. आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावेत. स्पार्क प्लग काढून रंग बघा: फिका तपकिरी असेल तर ठीक. पांढरट असेल, तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त जातेय. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत हे नेहमी घडतं. थंडी वाढली की हवा घट्ट होते, तेवढ्याच जागेतून जास्त ऑक्सिजन आत येतो, आणि जेट (पेट्रोल येण्याचं बारीक छिद्र) उणे दहासाठी बसवलेला असेल तर उणे पस्तीसला तो अपुरा पडतो. मग पिस्टनचा माथा भाजून निघतो. हे तापणं कूलंटच्या दिव्याला कळतच नाही, इंजिन एकदम सीझ होतं, म्हणजे पिस्टन अडकून बंद पडतं, तेव्हाच समजतं. फ्युएल इंजेक्शनची गाडी हा हिशेब स्वतः करते, म्हणून नवख्या माणसाला मी तीच सुचवतो.

समजा गाडी घेतली आणि वाटेत दिवा लागला. कारची सवय असलेला माणूस थांबतो आणि इंजिन आयडलवर, म्हणजे जागच्या जागी हळू चालू, ठेवतो, पंखा गार करेल म्हणून. इथे पंखा नाही. उभ्या गाडीचा ट्रॅक फिरत नाही, बर्फ उडत नाही, आणि इंजिन आणखी तापतं. दिवा लागला की वेग कमी करा, वाटेच्या कडेला मऊ बर्फ दिसत असेल तर गाडी त्यात घाला आणि हळूहळू चालवत राहा. बर्फ कूलरवर बसायला लागला की बऱ्याचदा मिनिटभरात दिवा विझतो. विझला नाही, किंवा आसपास मऊ बर्फच नाही, तर थांबा आणि इंजिन लगेच बंद करा.

मग बॉनेट उघडा, आतली गरम हवा बाहेर जाऊ द्या. फावडं काढा आणि पायठेवणीवर, टनेलच्या माथ्यावर, मागून हात पोहोचेल तिथे टनेलच्या आत बर्फ भरा. गरम अ‍ॅल्युमिनियमवर पडलेला पहिला बर्फ चर्र करून पाणी होतो आणि खाली टपकतो. पुन्हा भरा. आठ-दहा फावड्यांनंतर बर्फ वितळायचा थांबतो आणि नुसता बसून राहतो. मग समजायचं की कूलर गार झाला. हे बिनधोक आहे, कारण कूलर त्यासाठीच बनलेले असतात. मात्र सिलिंडरवर आणि एक्झॉस्टच्या पाइपवर बर्फ टाकू नका. तापलेल्या धातूला असा अचानक गारवा मिळाला की तो तडकू शकतो. आणि कूलंटचं झाकण गरम असताना मुळीच उघडू नका. आत दाब असतो, उकळतं द्रव तोंडावर येतं. भाजलेला चेहरा घेऊन उणे तीसमध्ये परतणं फार वाईट.

गाडी गार झाल्यावर पातळी कमी दिसली तर बरोबर आणलेलं तयार मिश्रण भरा. ते कोणतं, यात लोक गफलत करतात. निम्मं इथिलीन ग्लायकॉल (कूलंट गोठू न देणारं द्रव) आणि निम्मं पाणी हे मिश्रण सुमारे उणे ३७ पर्यंत टिकतं. यलोनाइफला पारा उणे ४० खालीही जातो, म्हणून साठ टक्के ग्लायकॉलचं ठेवा, ते उणे ५० च्याही खाली टिकतं. जास्त चांगलं म्हणून निव्वळ ग्लायकॉल ओतू नका: ते उणे १३ च्या आसपासच गोठतं, शिवाय उष्णताही कमी वाहून नेतं. नुसतं पाणी तर कधीच नको, रात्रीत गोठून कूलर फोडेल. आणि सांडू देऊ नका. ते चवीला गोड आणि कुत्र्यांसाठी जीवघेणं विष आहे. इथे घरोघरी कुत्री आहेत, स्लेज ओढणारीही.

जळक्या रबराचा वास आला तर तो प्रश्न वेगळा, ड्राइव्ह बेल्ट (इंजिनाचा जोर ट्रॅककडे नेणारा पट्टा) तापलाय. खोल बर्फात जड स्लेज हळू ओढताना तसं होतं. बेल्ट गार होऊ द्या. जादा बेल्ट नेहमी बरोबर असावाच.

कडक बर्फासाठी खरा उपाय म्हणजे आइस स्क्रॅचर. ट्रॅकच्या रुळांना किंवा स्कींना बसवायचे, टोकाला कठीण धातू लावलेले हे स्प्रिंगचे दांडे किंवा केबल बर्फ खरवडत जातात. गाडीमागे दोन पांढऱ्या रेघा उमटतात आणि बर्फाचा भुगा उडून टनेलमध्ये जातो. ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर ट्रॅक सरकतो त्यांनाही याच भुग्याचं वंगण मिळतं, नाहीतर त्या वितळतात. काही स्क्रॅचर गाडी मागे घेताना वाकून तुटतात, म्हणून रिव्हर्स टाकण्याआधी ते वर उचलून अडकवायची सवय लावा. व्हिडिओतल्या गाडीला स्क्रॅचर दिसत नाहीत. बाकी सगळं ठीक निघालं, तर दिवा लागण्याचं कारण तेच.

तळ्यावर मात्र एक पेच आहे, तो नीट समजून घ्या. मऊ बर्फ शोधत गेलात की तो बहुधा किनाऱ्याकडे, वाऱ्याच्या आडोशाला साचलेला सापडतो. त्या जाड थराखाली कधीकधी पाणी वर आलेलं असतं, वरून काहीच दिसत नाही. अशा चिखलट पाण्यात गाडी थांबली की ट्रॅक तिथेच गोठतो. शिवाय ओढे तळ्याला मिळतात तिथे बर्फ पातळ असतो. कॅनडाचा रेड क्रॉस स्नोमोबिलसाठी किमान २५ सेंटिमीटर जाडी सांगतो, तीही स्वच्छ, निळसर बर्फाची. पांढरा, दुधी बर्फ त्याच्या निम्म्या ताकदीचा धरा. म्हणून तळ्यावर इंजिन तापलं तर अनोळखी मऊ बर्फात घुसण्यापेक्षा ठाऊक असलेल्या जागी थांबून, इंजिन बंद करून, फावड्याने काम करणं बरं.

शहरापासून थोडं दूर गेलं की मोबाइलचा सिग्नल जातो. सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं यंत्र, फावडं, कूलंट, बेल्ट, स्पार्क प्लग, ओढायची पट्टी, हेडलॅम्प आणि काडेपेटी: सुरुवातीच्या हिवाळ्यात यातलं काहीही घरी ठेवू नका, आणि एकटे दूर जाऊ नका. गाडी बंद पडली तर ती सोडून चालत निघू नका. फावडं मारताना वरचं जॅकेट उघडा, कारण आत घाम साठला की थांबल्यावर तोच गोठवतो.

सकाळी सुरू करतानाही घाई नको. गार सिलिंडरमध्ये पिस्टन आधी फुगतो, सिलिंडर मागे राहतो, आणि सुरुवातीलाच जोरात थ्रॉटल दिला तर इंजिन गारठ्यातही सीझ होतं. काही मिनिटं आयडलवर, मग पहिला थोडा रस्ता हळू. ज्या आयडलने तापलेली गाडी बिघडते, तोच इथे लागतो.

तुम्हाला बहुतेक वेळ तळ्यावरच आणि कडक वाटांवर चालवायची असेल, तर माझं मत फॅन-कूल्ड गाडीच्या बाजूने आहे. तिच्यात पट्ट्यावर चालणारा पंखा सरळ सिलिंडरवर हवा मारतो, कूलंट नाही, बर्फाची गरज नाही. जोर कमी आणि आवाज जास्त, पण स्लेज ओढायला आणि शिकायला पुरेशी. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना वंगण म्हणून थोडा बर्फ तिलाही लागतो, तेवढं लक्षात ठेवा.

तर सहकाऱ्याला आज तीन गोष्टी विचारा: कूलंट शेवटचं कधी बदललं, मऊ बर्फात दिवा लागतो का, आणि मागची रबरी झडप शाबूत आहे का. सेन्सरचीच तक्रार असेल तर तो बदलून दाखव म्हणावं, तसं ते छोटं काम आहे. उत्तरं आली की गाडीचं मॉडेल आणि वर्षासकट इथे लिहा, मी बघून सांगतो.