बोट उडालं, पण पाय फरफटतोच

प्रश्न : मिस्टरांना प्रोग्रेसिव्ह एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, हळूहळू वाढत जाणारा मज्जासंस्थेचा आजार) आहे. रंकाळ्यावर फिरताना उजवा पाय फरफटतो, चपलेचं टोक झिजलंय. तपासणीत डोक्यावर चुंबकी झटका देणारी कॉइल धरली, तर हाताचं बोट आपोआप उडालं. डॉक्टर 'उत्तेजनक्षमता कमी' म्हणाले. मेंदू मंदावलाय का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही ताई, ही तपासणी बुद्धी मोजत नाही. १९८५ साली शेफिल्डच्या अँथनी बार्कर यांनी ती दाखवली. चुंबकाच्या झटक्यानं मेंदूतला हालचालीचा भाग चेततो, संदेश मणक्यातून बोटापर्यंत उतरतो. या आजारात मज्जातंतूंवरचं मायलिन नावाचं आवरण झिजतं, काही तंतूच मरतात. मग बोट हलवायला झटका जोराचा लागतो, हीच 'उत्तेजनक्षमता कमी'; शिवाय संदेश रेंगाळतो. पाय फरफटतो तो याच वाटेपायी. उन्हानं संदेश आणखी अडखळतात, तेव्हा फेरी सकाळी गारव्यातच मारा.