बंद काढलंत

बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझी अकरा चित्रं परवा मिळाली. जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडली आहेत आणि दोन दिवस जाता-येता बघतोय. राजापूर, खारेपाटण, सावंतवाडी असं एसटीने उतरत उतरत गेलीस आणि वाटेत ही जुनी दुकानं तुझ्या नजरेत भरली, याचा मला फार आनंद झाला. पावसानंतरच्या कौलांचा काळपट हिरवा तुला अचूक सापडलाय. त्या शिंप्याच्या दुकानाच्या ओट्यावर तर हात फिरवावासा वाटतो.

पण अकरापैकी नऊ दुकानं बंद आहेत.

तू लिहितेस की दुपारी बाजार सामसूम असतो, मध्ये कोणी येत नाही, दुकानांना लावलेल्या लाकडी फळ्यांचा पोत निवांत बघता येतो. खरं आहे. जेवणानंतर तीन-चार तास आपल्याकडची लहान गावं झोपतात आणि चित्रकाराला अख्खा रस्ता मोकळा मिळतो. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. पंचवीसएक वर्षांपूर्वी घाटाखालच्या एका गावात मी एक किराणा दुकान रंगवलं, सलग तीन दुपारी बसून. लावलेल्या फळ्या, कडीतलं पितळी कुलूप, पायरीवर निजलेलं कुत्रं. कौतुकाने मालकांना दाखवायला नेलं. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. त्यांनी चष्मा धोतराच्या सोग्याने पुसला, चित्र बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "चांगलं आहे हो. पण बंद काढलंत." आणि वळून गिऱ्हाइकाला गूळ फोडून द्यायला लागले.

त्यांनी ते दुकान आयुष्यभर रोज सकाळी उघडलं होतं. मी नेमकी त्यांची दुपारची झोप कागदावर उतरवून आणली होती. ते चित्र मी विकलं नाही. पुढच्या खेपेला त्याच ओट्यासमोर सकाळी सात वाजता जाऊन बसलो.

तू अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपरच्या 'अर्ली संडे मॉर्निंग'चा दाखला दिला आहेस. १९३०चं ते चित्र मलाही प्रिय आहे. न्यूयॉर्कमधली बंद दुकानांची लांब ओळ, आडवं ऊन, वाचता न येणाऱ्या पाट्या. पण त्याने वरच्या एका खिडकीत आधी माणूस रंगवला होता आणि मग रंगानेच तो झाकून टाकला. तिथला रिकामेपणा असा माणसाला उठवून झालेला आहे. तुझ्या दुकानांत माणूस अजून आलाच नाही.

म्हणून सकाळी जा. फळ्यांचं दुकान कसं उघडतं ते एकदा शेवटपर्यंत बघ. आधी कुलूप, मग आडवी लोखंडी पट्टी. मग टोकाची फळी थोडी वर उचलून खालच्या खाचेतून सोडवायची आणि बाहेर ओढायची. ती निघाली की बाकीच्या एकेक करून त्या मोकळ्या जागेपर्यंत सरकवत आणायच्या. प्रत्येक फळीवर खडूने किंवा रंगाने आकडा घातलेला असतो, कारण एकीची जागा दुसरीला चालत नाही. वर्षानुवर्षांच्या पावसाने प्रत्येकीला आपापला बाक आलेला असतो. हे पाहिल्यावर तुझ्या फळ्या आपोआप बदलतील. आत्ता तू त्या सगळ्या एका तपकिरीत धुतल्या आहेस. नीट बघ, वळचणीखालचा वरचा भाग गडद राहिलेला असतो, खालचा हातभर उन्हापावसाने राखाडी झालेला असतो, आणि जिथे रोज हात लागतो तिथे तेलकट चमक असते. तेवढी जागा रंगवलीस तरी मालक चित्रात आला.

राजापूरच्या जवाहर चौकातली दुकानं तू काढलीस, पण जोती बुटकी करून टाकलीस. बहुधा चित्राच्या तोलासाठी. तसं करू नकोस. अर्जुना आणि कोदवली या नद्यांचं पाणी पावसाळ्यात त्या बाजारात शिरतं. दुकानदार माल उचलून माळ्यावर टाकतात. तिथली प्रत्येक पायरी त्या पाण्याशी बोलून ठरलेली आहे. एखाद्याला विचार, यंदा पाणी कुठपर्यंत आलं होतं? तो भिंतीवर हात ठेवून दाखवील. तो हात जिथे टेकला तिथला रंग बघ.

उघडं दुकान रंगवणं अवघड आहे, हे मला ठाऊक आहे. आतला अंधार भीती घालतो आणि आपण काळा रंग पिळून मोकळे होतो. काळा वापरू नकोस. बर्न्ट सिएनाचा तांबूस तपकिरी आणि अल्ट्रामरीनचा निळा कागदावरच एकमेकांत मिसळू दे, आणि बरण्यांच्या काचेचे चार ठिपके कोरे राख. सावंतवाडीला तू चितार आळीत लाकडी खेळण्यांच्या दुकानांसमोर बसलीस. सावंतवाडी हे चित्रकार सा. ल. हळदणकरांचं जन्मगाव. मैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये त्यांची ती दिवा हातात धरलेली स्त्री आहे. जमेल तेव्हा समोर उभी राहून बघ. जलरंगात काळोख किती ऊबदार असू शकतो ते कळेल.

पाट्यांबद्दल एकच सांगतो. अक्षरं मनाने घालू नकोस. 'किराणा व भुसार मालाचे व्यापारी' असं लिहिलेलं असेल तर तेच, त्याच वळणाने, उडालेल्या वेलांटीसकट. कुणा पेंटरने शिडीवर उभं राहून ती शिरोरेषा ओढली होती, तिचा मान राख.

आणि बसण्याआधी विचारत जा. आधी काहीतरी विकत घे, काड्यापेटी का असेना. गिऱ्हाईक म्हणून उभी राहिलीस की गल्ला कुठे, तराजू कुठल्या हाताला, मालक कुठे टेकतो हे न विचारता कळतं. चित्र पुरं झालं की एक प्रत दुकानात पोचव. कागदाच्या मागे गाव, तारीख, वेळ आणि दुकानाचं तोंड कुठल्या दिशेला, एवढं लिहीत जा. महामार्गाच्या चौपदरीकरणात रस्त्याकडेची कितीतरी दुकानं गेली. काहींबद्दल माझ्याकडे नुसतं चित्र आहे आणि गावाचं नावही नाही, याची मला आजही रुखरुख लागते.

शिंप्याचं ते दुकान पुन्हा कर. तोच ओटा, तीच जागा, फक्त सकाळची वेळ. मशीन दाराशी ओढून घेतात की आत ठेवतात, तेवढं मला कळव.

तुझे,
सर